ध्रुवीय प्रकाश आणि वरचे वारे: आमच्या शाळेत आलेल्या फिरत्या तारांगणाचे परीक्षण

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, कापसाच्या शेवटच्या वेचणीमुळे वर्गातील बरीच मुले शेतात जात असताना, आमच्या शाळेने या फिरत्या तारांगणाचे दोन दिवसांचे खेळ ठरवले. आमचे गाव यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आहे आणि मी तेथील माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना विज्ञान शिकवते. या सेवेकडे निवडीसाठी चार-पाच चित्रफिती असतात. मुख्याध्यापकांचा कल नेहमीप्रमाणे ग्रहमालेकडे होता; मी मात्र ध्रुवीय प्रकाशाचा, म्हणजे ध्रुवांजवळच्या आकाशात रात्री चमकणाऱ्या रंगीत प्रकाशाचा, आणि त्याच्याशी जोडलेल्या, वातावरणाच्या वरच्या थरांत वाहणाऱ्या वाऱ्यांचा खेळ मागवावा असा आग्रह धरला. त्याला कारण होते. मे २०२४ मध्ये मोठे भूचुंबकीय वादळ झाले, म्हणजे सूर्याकडून आलेल्या कणांच्या लोटाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात मोठी खळबळ उडाली, तेव्हा लडाखमधील हानले येथून टिपलेली लालसर आकाशाची छायाचित्रे मुलांच्या घरच्या मोबाइलवर पोहोचली होती आणि ‘मॅडम, आपल्याइकडं काहून नाही दिसलं?’ हा प्रश्न मला त्यानंतर अनेकदा ऐकावा लागला होता. दिसले नाही हे खरे, पण त्या रात्री आपल्या डोक्यावर काहीच घडले नाही असे मात्र नाही, हे मुलांना कोणीतरी नीट दाखवावे अशी माझी इच्छा होती. हा खेळ ते दाखवतो का, एवढ्याच कसोटीवर मी त्याचे परीक्षण करीत आहे.

आधी व्यवस्थेविषयी थोडक्यात लिहिते. पोषण आहाराच्या पंगती जिथे बसतात त्या सभागृहात काळ्या कापडाचा घुमट उभा केला जातो आणि एक मोठा पंखा त्यात सतत हवा भरत राहतो. आत सतरंजीवर साधारण तीस मुले मावतात. चपला बाहेर काढून, वाकून, कापडी बोगद्यातून आत शिरावे लागते. दुसऱ्या दिवशी दुपारी चालू खेळात वीज गेली, पंखा थांबला आणि घुमट हळूहळू मुलांच्या डोक्यांवर उतरू लागला. सोबत आलेला निवेदक अमरावतीकडचा एक तरुण मुलगा होता. त्याने अजिबात गडबड न करता मुलांना बोगद्यातून बाहेर काढले आणि बाहेर अंगणात, जनरेटर सुरू होईपर्यंत, पंख्याच्या किरकोळ दाबावर एवढे कापड कसे उभे राहते हे समजावून सांगितले. ती दहा मिनिटे फुकट गेली असे मला वाटले नाही. घुमटाच्या कापडाला दोन ठिकाणी शिवण उसवलेली होती आणि तेथून येणाऱ्या उजेडाच्या तिरिपी आकाशगंगेपेक्षा ठळक दिसत होत्या, ही तक्रार मात्र नोंदवायलाच हवी.

चित्रफीत चाळीस मिनिटांची आहे. पहिली दहा मिनिटे प्रकाशाची आहेत आणि ती चांगली साधली आहेत. सूर्याकडून येणारे विद्युतभारित कण, पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र, रात्रीच्या बाजूला लांबवर ताणलेली त्या क्षेत्राची शेपटी, आणि तेथून वेग घेऊन चुंबकीय रेषांच्या आधाराने ध्रुवप्रदेशात उतरणारे इलेक्ट्रॉन हा क्रम बरोबर दाखवला आहे. पुष्कळ ठिकाणी सूर्याकडून निघालेले कण सरळ ध्रुवावर येऊन आदळतात असे चित्र काढले जाते. ती चूक येथे नाही. हिरवा रंग १०० ते १५० किलोमीटर उंचीवरील ऑक्सिजनच्या अणूंचा आणि लाल रंग २०० किलोमीटरच्या वरच्या ऑक्सिजनचा, हेही नेमके सांगितले आहे. लाल रंग एवढ्या वरच का दिसतो याचे उत्तर तर मला फारच आवडले: उत्तेजित झालेला अणू लाल प्रकाश बाहेर टाकण्यापूर्वी सरासरी जवळजवळ दोन मिनिटे थांबतो, आणि खालच्या दाट हवेत तेवढ्या वेळात दुसरा कोणीतरी कण त्याला धडकून त्याची ऊर्जा काढून घेतो. दोन मिनिटे कोणाचाही धक्का न लागता थांबता येईल इतकी विरळ हवा वरच असते. हे सांगताना पडद्यावर एकच अणू दाखवून, खरोखरीच काही क्षण काहीही घडू न देण्याचे धाडस या चित्रफितीच्या कर्त्यांनी केले आहे. मुले त्या शांततेत चुळबुळली नाहीत.

यानंतर वाऱ्यांचा भाग सुरू होतो आणि तेथेच निवेदनाची पहिली गंभीर चूक आहे. ‘सौर वारा येऊन वरच्या हवेला ढकलतो आणि तेथे वारे सुरू होतात,’ असे वाक्य स्पष्टपणे ऐकू येते. ही चूक विज्ञानाची आहे, पण तिला आपल्या भाषेनेही हातभार लावला आहे. सूर्याकडून वाहत येणाऱ्या विद्युतभारित कणांच्या प्रवाहाला आपण ‘सौर वारा’ म्हणतो आणि वातावरणातील हवेच्या वाहण्यालाही ‘वारा’च म्हणतो, त्यामुळे एका वाऱ्याने दुसऱ्याला ढकलले असे चित्र मनात सहज तयार होते. प्रत्यक्षात सौर वाऱ्याचा बहुतांश भाग पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राला वळसा घालून निघून जातो. तो हवेला स्पर्शही करीत नाही. त्याच्याकडून आत येते ती मुख्यतः विद्युत ऊर्जा: चुंबकीय क्षेत्राशी त्याचा जो झगडा चालतो त्यातून निर्माण झालेले विद्युत क्षेत्र आणि विद्युत प्रवाह चुंबकीय रेषांच्या मार्गाने ध्रुवप्रदेशाच्या आयनांबरापर्यंत, म्हणजे वातावरणाच्या विद्युतभारित कण असलेल्या वरच्या थरापर्यंत, पोहोचतात. जनित्र वर असते, तारा म्हणजे चुंबकीय रेषा, आणि आयनांबर म्हणजे ती वीज जेथे खर्च होते ते यंत्र. आमच्या गावात रोहित्रापासून मोटारपंपापर्यंतचा हिशेब मुलांना तोंडपाठ असतो. त्याच भाषेत हे सांगता आले असते. मी हे निवेदकाच्या कानावर घातले तेव्हा त्याने पुढच्या खेळापासून ते वाक्य आले की ध्वनी बंद करून स्वतः बोलायला सुरुवात केली. ही तत्परता ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

त्या वाक्यानंतरची दहा-बारा मिनिटे मात्र या खेळाचा गाभा आहेत, आणि त्यांच्यासाठीच हा खेळ मागवावा असे मी म्हणेन. साधारण २५० किलोमीटर उंचीवर हवेच्या हजार कणांमागे एखादाच आयन, म्हणजे विद्युतभारित कण असतो. बाकीचे सारे भाररहित. विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांच्या संयुक्त परिणामामुळे आयन एका ठरावीक दिशेने सरकू लागतात. ध्रुवाच्या माथ्यावरून ते दिवसाच्या बाजूकडून रात्रीच्या बाजूकडे जातात आणि संध्याकाळ व पहाट या दोन बाजूंनी परत फिरतात, अशी दोन मोठी आवर्ते तयार होतात. भाररहित कणांना विद्युत क्षेत्र दिसतच नाही. पण सरकणारे आयन त्यांना पुन्हा पुन्हा धडकतात आणि त्या धडकांमधून हवाही हळूहळू त्याच दिशेने ओढली जाते. हजारांत एक असलेला कण उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांना आपल्या मागे नेतो, ही गोष्ट पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटी वाटते. चित्रफितीत यासाठी यात्रेतील गर्दीचे दृश्य घेतले आहे: लोक उभे आहेत, त्यांच्यामधून पताका घेतलेले मोजकेच लोक एका दिशेने चालत आहेत, सगळ्यांचे खांदे सगळ्यांना लागत आहेत, आणि काही वेळाने उभी असलेली गर्दीसुद्धा त्या दिशेने सरकू लागते. ही ओढ लगेच लागू पडत नाही. अर्ध्या तासापासून काही तासांपर्यंत वेळ जातो, हेही दृश्याच्या कोपऱ्यातील घड्याळातून दाखवले आहे. अशा दोन आवर्तांचे वारे अमेरिकेच्या १९८१ साली सोडलेल्या डायनॅमिक्स एक्सप्लोरर २ या उपग्रहाने प्रत्यक्ष मोजले होते, त्याचा उल्लेखही आहे.

मग ध्रुवीय प्रकाशाचे यात नेमके काम काय? येथे बहुतेक लोकप्रिय कार्यक्रम घसरतात, कारण प्रकाशच वाऱ्याला ढकलतो असा समज ते होऊ देतात. येथे तसे होत नाही. प्रकाश ही केवळ खूण आहे. ज्या इलेक्ट्रॉनांमुळे तो उमटतो ते इलेक्ट्रॉन हवेच्या कणांना फोडून नवे आयन तयार करतात, आणि रात्रीच्या अंधारात जेथे आयन जवळजवळ संपलेले असतात त्या १०० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात त्यांची संख्या अनेक पटींनी वाढते. आयन वाढले की हवेला ओढणारे हात वाढतात आणि विजेला वाहण्यासाठी वाटही रुंद होते. म्हणजे आकाशात जेथे हिरवी कमान चमकते तेथे वरची हवा विजेच्या अधिक ताब्यात जाते. चित्रफितीतील वाक्य असे आहे की ‘प्रकाश हा वाऱ्याचा इंजिनवाला नाही, पट्टा चढवणारा आहे.’ ज्यांनी गावातील पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चाललेली पाहिली आहे त्यांना हे वाक्य अचूक समजेल. मी तर त्यापुढे जाऊन म्हणेन की गिरणीचे ते मोठे लोखंडी चाकही येथे हवे होते. इंजिन बंद केल्यावर ते चाक जसे फिरत राहते, तशी एकदा वेग घेतलेली हवा विद्युत क्षेत्र मंदावल्यावरही काही तास वाहत राहते, आणि मग उलट तीच आयनांना ओढून विद्युत प्रवाह निर्माण करते. ही उलटी बाजू खेळात नाही. नववीच्या मुलांसाठी ती कठीण झाली असती असे निवेदकाचे म्हणणे पडले. मला ते पटले नाही, कारण चालत्या चाकात हात घालू नये हे आमच्या मुलांना पाचवीपासून माहीत असते.

ओढ ही एक गोष्ट आणि तापणे ही दुसरी. ११० ते १५० किलोमीटरच्या पट्ट्यात विद्युत प्रवाह वाहतात तेव्हा, शेगडीच्या तारेत व्हावी तशी, उष्णता निर्माण होते. मोठ्या वादळात या उष्णतेचा वाटा काही काळ सूर्याच्या अतिनील किरणांकडून संपूर्ण थर्मोस्फिअरला, म्हणजे वातावरणाच्या या वरच्या तापलेल्या थराला, मिळणाऱ्या उष्णतेच्या बरोबरीला येतो किंवा तिच्याही पुढे जातो. तापलेली हवा फुगते, वर चढते आणि ध्रुवप्रदेशाकडून विषुववृत्ताकडे वाहू लागते. शिवाय हे तापणे एकाएकी झाले तर त्यातून प्रचंड लाटा सुटतात, ज्या सेकंदाला काहीशे मीटर वेगाने दोन्ही गोलार्धांतून विषुववृत्ताकडे धावतात. हे सांगण्यासाठी निवेदकाने खेळ संपल्यावर अंगणात एक पितळी परात मागवली. परातीत पाणी भरले, दोन काठांवर दोन मुलांना एकाच वेळी बोटाने टिचकी मारायला सांगितली, आणि दोन्हीकडून आलेली वलये मध्ये एकमेकांना ओलांडून पलीकडच्या काठाकडे गेलेली मुलांना दिसली. उत्तर ध्रुवाकडची लाट दक्षिण गोलार्धात आणि दक्षिणेकडची उत्तर गोलार्धात शिरते हे खरे आहे, त्यामुळे प्रयोग योग्य होता. मात्र परातीतील टिचकी एका बिंदूवर बसते आणि ध्रुवीय प्रकाशाचा पट्टा हा चुंबकीय ध्रुवाभोवतीचे कडे असते, साधारण ६५ ते ७० अंश चुंबकीय अक्षांशावरचे. लाट त्या संपूर्ण कड्यावरून सुटते. पुढच्या वेळी एका बोटाऐवजी बांगडी पाण्याला टेकवावी, असे मी सुचवले आहे. आठवीतील एका मुलीने तेथेच आपली बांगडी काढून दिली आणि ते करूनही पाहिले; वलये आत आणि बाहेर अशा दोन्ही दिशांना गेली, आणि वर्गात मला त्यावर आणखी एक तास द्यावा लागला.

वरचे वारे मोजतात कसे, हा भाग दृश्यदृष्ट्या सर्वांत देखणा आहे. एप्रिल २०१९ मध्ये नॉर्वेतील आंडोया येथून दोन अग्निबाण सोडण्यात आले, त्यांनी ध्रुवीय प्रकाशाच्या आजूबाजूला रंगीत बाष्पाचे ठिपके सोडले, आणि ते ठिपके कसे ताणले व वाहून गेले याची जमिनीवरून छायाचित्रे घेऊन वाऱ्याचा वेग काढण्यात आला. घुमटाच्या छतावर हे निळे-जांभळे ढग पसरू लागले तेव्हा मुलांच्या तोंडून एकाच वेळी ‘अगा बाबो’ असा आवाज निघाला. दुसरी पद्धत प्रकाशाचीच आहे: ज्या हवेतून ६३० नॅनोमीटरचा लाल प्रकाश येतो ती हवा आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर त्या प्रकाशाची तरंगलांबी किंचित बदलते. वाऱ्याचा वेग सेकंदाला ३०० मीटर असला तरी हा बदल दहा लाखांत एक भाग इतकाच असतो, आणि तो ओळखणारी उपकरणे जमिनीवर बसून रात्रभर वाऱ्याची दिशा सांगतात. हे येथे दीड मिनिटात उरकले आहे. मला ते पाच मिनिटे हवे होते.

या भागातील एक उणीव मला फार खटकली. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळमधील थुंबा येथून आपल्या देशातील पहिला अग्निबाण उडाला, तेव्हा त्याने संधिप्रकाशात सोडियमचे बाष्प सोडले होते आणि त्याचा हेतू नेमका हाच होता, वरच्या थरातील वारे मोजण्याचा. थुंबा चुंबकीय विषुववृत्ताजवळ आहे, तेथे ध्रुवीय प्रकाशाचा संबंध नाही, हे मान्य. पण पद्धत तीच. आंडोयाचे निळे ढग दाखवून झाल्यावर थुंब्याच्या नारिंगी ढगाचे एक चित्र दाखवले असते तर मुलांना हा अभ्यास परक्यांचा वाटला नसता. चित्रफीत परदेशी साहित्यावरून मराठीत आणलेली आहे हे अशा ठिकाणी उघडे पडते.

दुसरी चूक स्कायलॅबची. जुलै १९७९ मध्ये अमेरिकेची ही अवकाश प्रयोगशाळा खाली कोसळली त्याचे कारण म्हणून खेळात ध्रुवीय प्रकाशाने तापलेली हवा दाखवली आहे. खरे कारण मुख्यतः वेगळे होते: त्या वर्षांत सूर्याची सक्रियता अपेक्षेपेक्षा जास्त वाढली, अतिनील किरणांनी वरचे वातावरण फुगले आणि कक्षेतील घर्षण वाढले. ध्रुवीय वादळांचे उदाहरण द्यायचेच होते तर ३ फेब्रुवारी २०२२ रोजी सोडलेल्या, इंटरनेट पुरवणाऱ्या ४९ स्टारलिंक उपग्रहांचे द्यायला हवे होते. ते २१० किलोमीटरच्या खालच्या कक्षेत असताना एक साधारणच भूचुंबकीय वादळ आले, हवेचा अडथळा वाढला आणि त्यांपैकी ३८ उपग्रह वातावरणात जळून गेले. असे असले तरी स्कायलॅबच्या उल्लेखाचा एक वेगळाच फायदा झाला. खेळ पाहायला आलेल्या एका आजोबांनी बाहेर आल्यावर त्या वेळी गावातील लोक रात्री अंगणात न झोपता घरात कसे झोपत होते, आणि कोणी तरी कर्ज काढून मटण खाऊन कसे घेतले होते, हे सांगितले. शेवटी अवशेष पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले.

तिसरी गोष्ट मी चूक म्हणणार नाही, पण तिच्यामुळे सर्वांत जास्त गैरसमज झाला. घुमटाच्या छतावर उंचीची मोजपट्टी कोठेही नाही. ढग, विमान, हिरवा प्रकाश आणि वाहते बाण हे सगळे एकाच चित्रात येतात आणि आमच्याकडच्या पावसाळी ढगांचे माथे जास्तीत जास्त सतरा-अठरा किलोमीटरवर असतात, तर हा सगळा खेळ १०० किलोमीटरच्या वर चालतो, हे प्रेक्षकाला समजायला वाव राहत नाही. परिणाम असा झाला की बाहेर आल्याबरोबर दहावीतील एका मुलाने विचारले, ‘मॅडम, मंग थो वारा खाली आला तं आपली तूर झोपन ना?’ ताशी हजार किलोमीटरचा वारा ऐकल्यावर शेतकऱ्याच्या मुलाने विचारावा असाच हा प्रश्न आहे. उत्तर मी हिशेबाने दिले. १०० किलोमीटरवर हवा जमिनीलगतच्या हवेच्या सुमारे वीस लाखाव्या हिश्शाइतकीच दाट असते आणि २५० किलोमीटरवर तर त्याहूनही हजारो पटींनी विरळ. २५० किलोमीटरवरचा सेकंदाला ३०० मीटरचा तो वारा अंगावर घेतला तरी त्याचा दाब खळ्यावर उफणणी करताना ज्याची आपण वाट पाहतो त्या हलक्या झुळुकीच्या लाखाव्या हिश्शाएवढाही भरणार नाही. त्याने गव्हाचे एक तूसही उडणार नाही. तो खाली येत नाही, आणि आपल्या पावसाचा, गारपिटीचा किंवा धुक्याचा त्याच्याशी संबंध जोडण्याचे कारण नाही. हे वाक्य खेळातच हवे होते, कारण गावात परतलेल्या मुलांनी घरी काय सांगितले असेल याचा मला अजूनही नीट अंदाज नाही.

मग या वाऱ्यांचे आपल्याकडे काय पोहोचते? मला ज्या प्रश्नासाठी हा खेळ हवा होता तो हाच, आणि येथे खेळाने मला अर्धेच समाधान दिले. ध्रुवीय पट्ट्यापासून आमच्या अक्षांशापर्यंतचे अंतर सुमारे पाच हजार किलोमीटर आहे. सेकंदाला ७०० मीटर वेगाची लाट ते साधारण दोन तासांत कापते. म्हणजे मे २०२४ च्या त्या रात्री, गावात कोणालाही काही न दिसता, आमच्या डोक्यावर दोन-तीनशे किलोमीटर उंचीवरची हवा वर-खाली झाली, वारे बदलले, ध्रुवप्रदेशाकडून आलेल्या हवेने तेथील वायूंचे प्रमाण बदलले आणि आयनांबराची घनता हलली. इथवर चित्रफीत बरोबर येते. पुढे तिने सांगायला हवे होते की उपग्रहाकडून येणारा स्थाननिश्चितीचा संदेश याच आयनांबरातून खाली येतो, आणि वादळात विस्कटलेले वारे चुंबकीय विषुववृत्ताजवळची विद्युत क्षेत्रेही बदलत असल्यामुळे मध्य भारताच्या पट्ट्यावर त्याचा परिणाम तासन्‌तास रेंगाळू शकतो. आता शेताची मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहांच्या याच संदेशांवर चालणाऱ्या यंत्राने, होते आणि धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) होणारे वाद हातभराच्या अंतरावर अडलेले असतात. अशा गावात हे उदाहरण किती चपखल बसले असते. त्याऐवजी येथे परदेशी विमानांच्या ध्रुवावरून जाणाऱ्या मार्गांचे उदाहरण आहे. भारतीय भूचुंबकत्व संस्थेची वेधशाळा नागपुरातही आहे, अलिबागची तर १९०४ पासून आहे, आणि तिच्याआधीच्या मुंबईतील कुलाबा वेधशाळेने १८५९ च्या भूचुंबकीय महावादळाची नोंद करून ठेवली आहे, यांपैकी कशाचाही उल्लेख नाही. मुंबईतून ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री ध्रुवीय प्रकाश दिसल्याच्या नोंदी आहेत. ‘आपल्याइकडं काहून नाही दिसलं’ या प्रश्नाला यापेक्षा चांगले उत्तर मिळणार नाही.

निवेदनाच्या मराठीविषयी दोन शब्द. उच्चार स्वच्छ आहेत, वाक्ये लहान आहेत, आणि पाठ्यपुस्तकातील ‘आयनांबर’ हाच शब्द वापरला आहे, ही जमेची बाजू. पण मध्येच ‘थर्मोस्फिअर’ येते आणि त्याचा आयनांबराशी संबंध सांगितला जात नाही. वस्तुतः एकाच उंचीच्या प्रदेशाकडे तापमानाच्या अंगाने पाहिले की थर्मोस्फिअर आणि विद्युतभाराच्या अंगाने पाहिले की आयनांबर. एवढे एक वाक्य पुरले असते. खेळानंतर ऐंशी रुपयांना एक पुस्तिका विकत मिळते. तिच्यातील रंगीत छपाई चांगली आहे, मजकूर चित्रफितीतलाच आहे, आणि सौर वाऱ्याची ती चूक तीतही जशीच्या तशी आहे. मी ग्रंथालयासाठी एकच प्रत घेतली आणि त्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली.

खेळाचा दर प्रत्येक मुलामागे साठ रुपये आणि किमान दोनशे मुलांची अट. ज्यांची मुले वेचणीला जातात त्या घरांकडून हे पैसे मागणे जड जाते. आम्ही चाळीस मुलांचे पैसे शिक्षकांमध्ये वाटून घेतले. एवढ्या पैशांत ग्रहमालेचा खेळ पाहण्यापेक्षा हा पाहावा असे मी निःसंकोच सांगेन, कारण ग्रहमाला आता कोणत्याही मोबाइलवर दिसते आणि हजारांतला एक आयन हवेला कसा ओढतो हे मात्र मला दुसरीकडे इतके स्पष्ट दाखवलेले आढळले नाही. विज्ञानाच्या शिक्षकाने आदल्या दिवशी एक तास घेऊन फळ्यावर उंचीची मोजपट्टी काढून ठेवावी: तळाशी गावची टाकी, मग ढग, मग बरेच मोकळे अंतर सोडून हिरवा पट्टा आणि त्याच्याही वर लाल. तारांगण येईल त्या दिवशी निवेदकाला परात आणि बांगडी आठवणीने मागायला सांगावी. पाचपैकी साडेतीन गुण देते. निवेदन दुरुस्त झाले तर चार देईन. वीज जाण्याची शक्यता असेल तर जनरेटरच्या डिझेलचे पैसे दरात धरलेले आहेत की वेगळे, हे ठरवतानाच विचारून घ्यावे. आमच्याकडून ते घुमटाची घडी घालून गाडीत ठेवल्यानंतर मागण्यात आले.